रेडिएटर नवा, खालचं रबर मात्र तेच

या वेळी गाडी तापते, कूलंट गळतं, समोरून आवाज येतो अशी बरीच पत्रं आलीत. त्यातली चार निवडलीत, कारण गाड्या आणि गावं वेगळी असली तरी चारही ठिकाणी दुखणं एकच आहे, रेडिएटरची माउंटिंग रबरं. पहिल्या पत्राला उत्तर सविस्तर दिलंय. बाकीच्यांनीही आधी ते वाचा, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगावं लागणार नाही.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २००६ ची होंडा सिटी झेडएक्स आहे, १५ वर्षं झाल्यावर आरसी पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू करून घेतली कारण गाडी खरंच चांगली आहे आणि विकायची इच्छा नाही. कराड-चिपळूण नेहमी जाणं असतं, कुंभार्ली घाटातून. दोन वर्षांपूर्वी रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी होजच्या तोंडाजवळ तडकली म्हणून अख्खा रेडिएटर नवीन टाकला. आता परत त्याच कोपऱ्यात ओल दिसते, कूलंट महिन्याला थोडं कमी होतं, आणि स्पीड ब्रेकरवरून गेलं की पुढून धप्प असा आवाज येतो. शॉकअप्सर चेक केले, ते ठीक आहेत म्हणे. गॅरेजवाला म्हणतो परत रेडिएटर बदला. एवढ्यात कसा काय गेला? (कराडहून एक वाचक)

उत्तर : परत रेडिएटर घ्यायच्या आधी थांबा. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्यात, एक म्हणजे त्याच कोपऱ्यात परत गळती आणि दुसरी म्हणजे स्पीड ब्रेकरवरचा धप्प आवाज, आणि या दोन्हींना जोडणारी वस्तू म्हणजे रेडिएटरखालची रबरं. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर बदलला तेव्हा रबरंही बदलली का, हे त्या वेळच्या बिलात बघा. बहुतेक नसतील. नवा रेडिएटर येतो तो कोर (मधली नळ्या-पात्यांची जाळी) आणि टाक्या एवढाच येतो, रबरं बहुतेक वेळा वेगळी मागवावी लागतात, आणि गॅरेजमध्ये घाई असली की जुनी रबरं कपड्यानं पुसून तशीच परत बसवतात. म्हणजे २००६ पासून गरम-गार होत आलेलं रबर आणि त्यावर कोरा रेडिएटर. जुना ज्यामुळे तडकला ते कारण गाडीत तसंच राहिलं.

रचना समजली की सगळं सोपं होतं. तुमच्या गाडीत रेडिएटर खालून बोल्टनं आवळलेला नसतो. खालच्या टाकीला दोन बाजूंना दोन खुंट्या असतात, त्या समोरच्या आडव्या पत्र्याच्या मेंबरमध्ये बसवलेल्या दोन रबरी बुशांत नुसत्या टेकलेल्या असतात. वर दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांच्यातही रबर असतं, आणि त्या बॉडीला एकेका बोल्टनं धरलेल्या असतात. म्हणजे सगळं वजन, त्यात आतलं कूलंट आणि मागे लटकलेल्या फॅनच्या मोटारीही आल्या, खालच्या दोन रबरांवर येतं, आणि वरच्या पट्ट्या रेडिएटर पुढे-मागे पडू नये एवढंच बघतात. असं मुद्दामच केलेलं असतं. खड्ड्यातून जाताना बॉडी पिळवटते, तो पीळ रेडिएटरपर्यंत जाऊ नये. शिवाय रेडिएटर तापला की फुगतो. साठ सेंटीमीटर लांबीचं ॲल्युमिनियम ७० अंशांनी तापलं तर साधारण एक मिलिमीटर वाढतं, प्लास्टिकची टाकी त्याहून जास्त, आणि हे प्रत्येक वेळी गाडी चालू-बंद केल्यावर होतं. ही हालचाल रबर सामावून घेतं.

आता हे रबर म्हातारं झालं की दोनपैकी एक होतं. एक तर दबून पातळ होतं, रेडिएटर खाली बसतो, आणि वरचा होज, म्हणजे कूलंटचा रबरी पाइप, टाकीच्या तोंडाला सतत खाली-वर हिसके देत राहतो. इंजिन स्वतःच्या रबरी माउंटिंगवर हलत असतं, रेडिएटर वेगळा हलत असतो, मधे फक्त तो होज, त्यामुळे सगळा ताण टाकीच्या तोंडावर. टाकी असते काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, नवी असताना चिवट, पण वर्षानुवर्षं गरम कूलंट खाऊन ठिसूळ होते. तडा तोंडाजवळच जातो तो यामुळे. दुसरा प्रकार म्हणजे रबर दबत नाही पण लाकडासारखं कडक होतं, मग रस्त्याचा प्रत्येक दणका थेट टाकी आणि कोर यांच्या जोडावर. तिथे ॲल्युमिनियमच्या बारीक दातांनी टाकी चेपून बसवलेली असते आणि आत एक रबरी गॅस्केट असतं, तो जोड एकदा सैल झाला की कोपऱ्यातून ओल यायला लागते, आधी फक्त सुकलेला पांढरट किंवा हिरवट-गुलाबी थर दिसतो, थेंब पुष्कळ नंतर.

तपासायला गॅरेज लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असू दे, बॅटरीची मायनस वायर काढा, कारण कूलंट गरम असेल तर इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत चावी बंद असतानाही अचानक फिरतो आणि बोट तिथे असेल तर फार वाईट होतं. मग बॉनेट उघडून रेडिएटरची वरची कड दोन्ही टोकांना हातानं धरा, होजचं तोंड किंवा झाकण धरून ओढू नका, आणि पुढे-मागे हलवा. थोडीशी लवचिक हालचाल हवीच, अजिबात हलत नसेल तर तेही चांगलं लक्षण नाही. पण टक् टक् आवाज येत असेल किंवा रेडिएटर मोकळा झुलत असेल तर रबरं संपली. मग तोच वर उचलून बघा. वरच्या पट्टीला लागायच्या आधी बराच उचलला जात असेल तर खालचं रबर दबलंय, आणि स्पीड ब्रेकरवर धप्प होतं ते रेडिएटर उडून परत खाली आपटतो म्हणून. नंतर टॉर्च घेऊन खालून बघा. निरोगी रबराला नख टोचलं की खळगा पडतो आणि भरून येतो, म्हाताऱ्या रबरात नख जात नाही किंवा जातं तर भेग पडते. आणि रबर फुगलेलं, चिकट, काळं बोटाला लागणारं असेल तर त्यावर कुठून तरी ऑइल पडतंय, ते आधी शोधा, नाहीतर नवं रबरही तसंच होईल.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही ‘त्याच कोपऱ्यात’ असं लिहिलंय. दोन्ही खालची रबरं शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखी झिजली असतील तर वयानं झिजली. एकच खूप चेपलेलं असेल आणि दुसरं ठीकठाक, तर मेंबर वाकलेला आहे का बघा. पुढून कधी छोटी ठोकर बसली असेल, बंपर-पेंट होऊन गाडी छान दिसत असेल, पण खालचा आडवा मेंबर थोडा वर-खाली राहिला असेल, तर रेडिएटर कायम तिरका पिळलेला बसतो आणि कितीही नवा टाकला तरी त्याच कोपऱ्यात फुटतो. जमिनीपासून मेंबरची दोन्ही टोकं मोजली, गाडी सपाट जागी आणि चारही टायरमध्ये हवा सारखी असताना, तर कळतं. तसं असेल तर आधी डेंटिंगवाला, मग रबर.

बदलायचं काम घरच्या घरी अर्ध्या दिवसात होण्यासारखं आहे. रबरं मागताना चासी नंबर द्या, डावं-उजवं आणि वरचं-खालचं वेगळं असू शकतं, जुनी काढून दुकानात नेली तर सगळ्यात बरं, फक्त जुन्याची उंची नव्याशी जुळवायला जाऊ नका, जुनं दबलेलंच असणार, आकार आणि भोक जुळलं पाहिजे. पुण्याला जाणं असेल तर नाना पेठेत मिळतील, नाहीतर कंपनीच्या पार्ट काउंटरला ऑर्डर द्या. चारही एकदम घ्या. रेडिएटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

मग थंड इंजिनवर, बॅटरी काढून, फॅनचे कनेक्टर सोडवा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, तो कशाला धरलाय हे आधी नीट बघा, बॉडीला वेगळा धरलेला असेल तर प्रश्न नाही, रेडिएटरलाच अडकवलेला असेल तर दोन्ही एकत्र अलगद उचलावे लागतील. एसीच्या पाइपाचा एकही नट सैल करायचा नाही, आत गॅस दाबाखाली असतो. दोघांच्या मधे जाड पुठ्ठा सरकवा, म्हणजे बारीक पाती वाकत नाहीत. दहाच्या पान्यानं वरच्या पट्ट्यांचे बोल्ट काढा, एकानं रेडिएटर दोन-तीन सेंटीमीटर सरळ वर उचलून धरावा आणि दुसऱ्यानं खालची रबरं काढावीत. होज एवढे ढिले असतील तर कूलंट काढायचीही गरज पडत नाही. पण होज ताणले जातायत, कडक किंवा फुगलेले वाटतायत, तर ओढाताण करू नका, कूलंट काढा, होजही त्याच वेळी बदला. कूलंट उघड्या भांड्यात ठेवून जाऊ नका, गटारात ओतू नका, ते चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं पिऊन मरतात. ही सूचना सगळ्यात कळकळीनं लिहितोय. आधार द्यायचा तर खालच्या मेंबरला द्या, प्लास्टिकच्या टाकीखाली जॅक लावणं म्हणजे नवी टाकी स्वतःच्या हातानं फोडणं.

रबर निघाल्यावर त्या खळग्यात चिखल-पानं-माती किती साठलीय ते बघा, सगळं खरवडून काढा, पाणी निघायचं भोक मोकळं करा, गंज असेल तिथे घासून प्रायमर मारा आणि वाळू द्या. नवं रबर घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ही रबरं बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात, उष्णतेला आणि कूलंटला टिकतात पण पेट्रोलियमच्या तेलानं फुगतात, आणि सवयीनं बोटभर ग्रीस लावणारे मिस्त्री भरपूर आहेत, तेव्हा काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी तिथे उभे राहा. रेडिएटर खाली सोडताना दोन्ही खुंट्या भोकात गेल्यात का हे खालून टॉर्चनं बघा, एक खुंटी बाहेर टेकलेली राहिली तर वरून कळतही नाही.

वरचे बोल्ट सहा मिलिमीटरचे आहेत, त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच जोर, म्हणजे छोट्या पान्यानं मनगटाच्या ताकदीनं. रबराच्या आत कुठे लोखंडी बाही (छोटी नळी) असेल तर ती हरवू देऊ नका, बोल्ट बाहीवर आवळला जातो आणि रबर मोकळं राहतं, बाही गेली की बोल्ट रबरच चेपतो आणि सगळी मेहनत वाया. ‘हलतंय म्हणून अजून टाइट केलं’ हे काम करणाऱ्याला लगेच थांबवा.

नंतर बॅटरी, कनेक्टर, कूलंटची पातळी. कूलंट काढलं असेल तर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग झाकण. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवा, तापमानाच्या काट्याकडे लक्ष. घाटातून एकदा जाऊन आल्यावर, थंड झाल्यावर, परत हलवून बघा आणि कोपरा पुसून कोरडा करून ठेवा. कोपरा कोरडा राहिला तर रेडिएटर वाचला. ओल परत आली तर जोड आधीच सैल झालाय आणि रेडिएटर खरंच बदलावा लागेल, पण या वेळी तो नव्या रबरावर बसेल.

प्रश्न : आमची सँट्रो झिंग २००८ ची आहे, मी रोज सिडको ते सातपूर चालवते. सिग्नलला उभी असताना मधेच स्टिअरिंग आणि पायाखालचा पत्रा थरथरतो, अर्ध्या-एक मिनिटानं आपोआप थांबतो, परत सुरू होतो. एकजण म्हणतो इंजिन माउंटिंग गेलं, दुसरा म्हणतो रेडिएटरचं रबर गेलं. दोन्ही बदलायचे पैसे नाहीत. कसं ओळखू? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : ताई, मधेच सुरू होऊन मधेच थांबतं म्हणजे फॅनशी संबंध आहे हे जवळजवळ नक्की, पण इथे एक गोम आहे, फॅन लागला की वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर लोड येतो, इंजिनचे फेरे थोडे उतरतात, आणि इंजिन माउंटिंग खराब असेल तर तेव्हाही थरथर वाढते. म्हणून असं करा. एसी बंद. फॅन बंद असताना हेडलाइट लावा, ब्लोअर पूर्ण जोरात करा. एवढ्यानं थरथर आली तर दोष इंजिन माउंटिंगचा किंवा आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन संथ फिरण्याचा), रेडिएटरचा नाही. काही झालं नाही तर सगळं बंद करून गाडी तशीच चालू ठेवा, तापून फॅन आपोआप लागेल, आणि फक्त तेव्हाच थरथर आली तर फॅन किंवा रबरं. मग गाडी थंड झाल्यावर, बॅटरी काढून, फॅनचं पातं बोटानं फिरवून बघा, एखादं पातं तुटलंय का, मोटरचा शाफ्ट डुगडुगतोय का. पातं तुटलं असेल तर फॅनचा तोल जातो आणि नवं रबरही ती थरथर पूर्ण गिळणार नाही. फॅन ठीक असेल तर खालची दोन रबरं कडक झालीत, ती बदला. तपासताना ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्या, आणि इंजिन चालू असताना फॅनजवळ हात अजिबात नको.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलीय, गिरगावात असते, रविवारी बाहेर काढतो. रेडिएटर जिथे बॉडीला धरलाय तिथल्या रबराचा चुरा झालाय, हात लावला की गळतो. पार्ट मिळत नाही. मिस्त्री म्हणतो सायकलच्या ट्यूबचे तुकडे टाकू. चालेल का? (मुंबईहून एक वाचक)

उत्तर : ट्यूबचा तुकडा रस्त्यात अडकलात तर घरी येईपर्यंत चालेल, कायमचा नाही. ट्यूबचं रबर पातळ असतं, बोल्ट आवळला की पिळून बाहेर येतं आणि आठवड्याभरात पत्रा पत्र्याला लागतो. तुमच्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं आहे कारण फॅन इलेक्ट्रिक नाही, पट्ट्यावर चालणारा, इंजिनाला धरलेला आहे, आणि रेडिएटर बॉडीला. इंजिन एका रबरावर हलतं, रेडिएटर दुसऱ्या, दोन्ही बसले की पातं आणि कोर यांच्यातली जागा कमी होत जाते, आणि एक दिवस जोरात ब्रेक मारला की पातं कोरमध्ये घुसतं. तेव्हा इंजिन बंद करून, बॅटरी काढून, पातं हातानं हळूहळू फिरवा आणि प्रत्येक पात्याचं टोक कोरपासून किती लांब आहे ते बघा, चारी बाजूंनी. एका बाजूला जागा कमी दिसली तर इंजिन माउंटिंगही त्याच वेळी बघून घ्या.

रबर बनवून घ्या. जुन्याचा चुरा झाला असला तरी बोल्टची जाडी आणि दोन पत्र्यांमधलं अंतर मोजता येतं. मुंबईत औद्योगिक रबर शीट विकणारी दुकानं आहेत, तिथे ईपीडीएमची शीट मागा, जाडी मापाप्रमाणे, पंचनं गोल वायसर पाडून घ्या, वर एक खाली एक, आणि बोल्टवर लोखंडी बाही चढवा, म्हणजे आवळताना रबर चेपणार नाही. पॉलियुरेथेनचे बुश घेऊ नका, ते टिकतात जास्त पण कडक असतात, आणि तुमचा तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळलेला आहे, थरथर थेट त्या झाळकामावर जाईल. रेडिएटर धरणारा कंस जिथे टाकीला झाळलेला आहे तिथे बारीक तडा आहे का तेही बघा. असेल तर जुन्या रेडिएटरवाल्याकडून कथलाची झाळ मारून घ्या, एम-सील लावून भागवू नका. कूलंट काढून, रेडिएटर बाहेर काढून केलं तरच ते काम नीट होतं.

वडिलांची गाडी सांभाळताय याचं फार बरं वाटलं. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता ज्या आहेत त्या तुमच्यासारख्यांच्या घरीच आहेत.

प्रश्न : मालवणात गाडी आहे, जुनी वॅगनआर. रबरं नवीन आणली पण खालच्या पत्र्याला जिथे बसवायची तिथे गंज लागून भोक मोठं झालंय, रबर आरपार खाली जातं. वायसर टाकून बसवू का? (मालवणहून एक वाचक)

उत्तर : नाही. वायसर ज्यावर टेकवणार तो पत्राच खाल्लेला आहे. समुद्राची हवा आणि पावसाळ्यातला चिखल आतून साठत जातो, आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो तेव्हा आतला पत्रा कागद झालेला असतो. जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं मेंबर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा, चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, खाल्लेल्याचा बद्द, आणि टोकानं दाबलं तर आत जातो. फक्त रबराच्या जागेपुरता गंज असेल तर तेवढा पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करून घ्या. लांबवर पसरला असेल तर पूर्ण मेंबर बदलणंच बरं, तोच मेंबर गाडीचा पुढचा भाग सरळ धरून ठेवतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा आणि रेडिएटर पूर्ण बाहेर काढा, ठिणगी प्लास्टिकच्या टाकीवर किंवा कंडेन्सरवर पडली तर कामाचं काम वाढेल. वेल्ड झाल्यावर आतूनही प्रायमर गेला पाहिजे, फक्त वरून रंग मारून घेऊ नका, आणि पाणी निघायची भोकं वेल्डिंगमध्ये बुजली असतील तर परत पाडून घ्या. आणलेली रबरं तोपर्यंत उन्हात किंवा इंजिन ऑइलच्या डब्याशेजारी ठेवू नका, पिशवीत बांधून घरात ठेवा. दरवर्षी पावसाळा संपला की त्या खळग्यात गोड्या पाण्याचा पाइप मारून मीठ-चिखल धुऊन काढा, जाळीतून उंदरानं आत घर केलंय का तेही त्याच वेळी बघा, तुमच्याकडे वायरी आणि होज कुरतडण्याच्या तक्रारीही खूप येतात.